राव रंभा निंबाळकर आणि त्यांचे घराणे

रंभाजी निंबाळकर हे अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातले दख्खनचे एक मातब्बर सरदार. छत्रपती शाहूंची बाजू सोडून ते १७१३ च्या सुमारास निजामुल्मुल्काला जाऊन मिळाले. त्याच्याकडून त्यांना जहागीर आणि ‘राव रंभा’ हा किताब मिळाला. पुढे त्यांनी करमाळ्याला आपले ठाणे वसवले. कर्जत तालुक्यातल्या मिरजगावची पेठ ज्या नगर-सोलापूर रस्त्यावर आहे, तोच रस्ता माहीजळगाव मागे टाकून करमाळ्याला जातो. मिरजगावहून पूर्वेला जामखेडच्या पलीकडे खर्डा लागते. तिथला भुईकोट बांधला सुलतानजी निंबाळकरांनी, तेही निजामाचेच सरदार. आणि नैऋत्येला भीमा व नीरा ओलांडली की फलटण येते, ते या साऱ्या निंबाळकरांचे मूळ घर. कर्जत-जामखेडच्या या कोरडवाहू पट्ट्याचा दीडशे वर्षांचा इतिहास एकाच कुळाच्या या तीन घरांभोवती फिरला. राव रंभांचे आयुष्य समजून घ्यायचे तर आधी फलटणला जावे लागते.

घराण्याची परंपरा आपले मूळ माळव्यातल्या धारच्या परमारांशी, म्हणजे पवार कुळाशी जोडते. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात निंबराज नावाचा पुरुष दक्षिणेत उतरला आणि फलटणजवळच्या निंबळक गावी स्थायिक झाला. त्या गावावरून निंबाळकर हे आडनाव पडले. त्यांच्यापैकी जगदेवराव दिल्लीच्या सुलतानाच्या लढाईत १३२७ मध्ये पडले आणि त्याबद्दल महंमद तुघलकाने त्यांच्या मुलाला ‘नाईक’ हा किताब व जहागीर दिली, असेही परंपरा सांगते. या आरंभीच्या पिढ्यांबद्दलची माहिती वंशावळीतून येते आणि वंशावळ पुष्कळदा घराणे मोठे झाल्यावर लिहिली जाते. इंग्लंडातही असेच घडले. १०६६ च्या स्वारीत विल्यम राजाबरोबर आपला पूर्वज समुद्र ओलांडून आला, असे सांगणारी घराणी तिथे इतकी झाली की बॅटल मठाच्या नावाने फिरणाऱ्या त्या वीरांच्या याद्यांवर इतिहासकार विश्वास ठेवत नाहीत. तरीही अशा परंपरा टाकाऊ नसतात. त्या काळच्या समाजात कशाला मान होता, हे त्यांतून नेमके कळते. सोळाव्या शतकापासून मात्र आपण बऱ्याच पक्क्या जमिनीवर येतो.

या घराण्याचा खरा आधार होता फलटण परगण्याची देशमुखी. गावाला जसा पाटील, तसा परगण्याला देशमुख. आणि हिशेबाला कुलकर्ण्याच्या वर देशपांडे. देशमुखाने गावोगावच्या पाटलांकडून सारा वसूल करून सरकारात भरायचा, परगण्याचा बंदोबस्त ठेवायचा, प्रसंग पडला तर माणसे घेऊन स्वारीला जायचे. बदल्यात त्याला वसुलात ठरीव हिस्सा, इनाम जमिनी आणि गावागावातून हक्क मिळत. तेल्याकडून तेल, चांभाराकडून जोडे, तांबोळ्याकडून पाने, कुणब्याच्या खळ्यावरून धान्य. त्याच्याही वर मान. होळीची पहिली पोळी कोणाची, पोळ्याला वेशीतून पहिला बैल कोणाचा, दसऱ्याला सोने आधी कोणी लुटायचे, यावरून पिढ्यान् पिढ्या तंटे चालत, गोतसभा बसत, महजर होत. आज हे वाद क्षुल्लक वाटतील, पण त्या काळी मान गेला की हक्क जायला वेळ लागत नसे.

वतनाचा मोठा गुण असा की राज्य बदलले तरी ते सुटत नसे. बहमनी गेली, आदिलशाही आली, तरी फलटणचा देशमुख निंबाळकरच राहिला. नव्या सुलतानालाही वसूल हवा असे आणि परगण्यातली शेते, माणसे, पाणी यांची माहिती देशमुखालाच असे. जहागीर किंवा सरंजाम याची गोष्ट वेगळी. तो चाकरीबद्दल मिळे आणि चाकरी सुटली की परत जाई. मराठा सरदारांच्या निष्ठा आज आपल्याला कोड्यात टाकतात, त्याचे बरेचसे उत्तर या फरकात आहे. वतन हे घर होते, सरंजाम ही कमाई होती. घर सांभाळण्यासाठी कमाईची जागा बदलणे त्या काळच्या माणसाला गैर वाटत नसे.

फलटणच्या नाईकांत सर्वांत दबदब्याचे नाव वणंगोजी ऊर्फ जगपाळराव यांचे. घराण्याच्या नोंदींप्रमाणे १५७० ते १६३० अशी साठ वर्षे फलटण त्यांच्याकडे होते. ‘बारा वजिरांचा काळ’ अशी ख्याती या घराण्यातल्या राव वणंगपाळांच्या नावाला चिकटली. निजामशाही आणि आदिलशाही यांच्या सरहद्दीवर बसलेल्या या नाईकांना दोन्ही दरबार जपत. जगपाळरावांची बहीण उमाबाई, हिचेच दीपाबाई असेही नाव आढळते, वेरूळच्या मालोजी भोसल्यांना दिली होती. त्या वेळी भोसल्यांचा जम बसायचा होता. निंबाळकर जुने आणि नावाजलेले. शहाजीराजांसाठी लखुजी जाधवरावांच्या घरची सोयरीक जुळवताना जगपाळराव मेहुण्याच्या पाठीशी उभे राहिले, असे बखरी सांगतात. बखरींच्या रंगवलेल्या कथा बाजूला ठेवल्या तरी एवढे उरते की शिवछत्रपतींची आजी निंबाळकरांची लेक होती आणि भोसल्यांच्या उत्कर्षात या सोयरिकीचा वाटा होता.

सोयरीक पुढेही चालू राहिली. जगपाळरावांनंतर मुधोजी नाईक आले. त्यांची कन्या सईबाई हिचे लग्न १६ मे १६४० रोजी पुण्यात शिवाजीराजांशी झाले. संभाजीराजे हे त्यांचेच पुत्र. सईबाई ५ सप्टेंबर १६५९ रोजी राजगडावर वारल्या. त्यांचे भाऊ बजाजी नाईक यांच्या वाट्याला मोठे हाल आले. आदिलशाहीने त्यांना बळाने मुसलमान केले. पुढे ते स्वधर्मात परत आले आणि जिजाबाईंनी त्यांना जातीत घेण्याचा पुढाकार घेतला. नुसते प्रायश्चित्त देऊन भागणार नव्हते, पंक्तीला बसवले तरी मुलगी कोण देणार हा प्रश्न उरणार होता. तो प्रश्न शिवाजीराजांनी आपल्याच घरून सोडवला. आपली मुलगी सखुबाई त्यांनी बजाजींचा मुलगा महादजी याला दिली आणि पुरंदरजवळच्या वाल्हे गावची पाटीलकी जावयाला करून दिली. त्या शतकातल्या सामाजिक निर्णयांत या लग्नाइतका धाडसी निर्णय क्वचितच सापडेल.

एवढे असूनही बजाजी राहिले आदिलशाहीचेच चाकर. अफझलखानाने स्वारीच्या वाटेवर त्यांना मलवडीला अटकेत टाकले तेव्हा शिवाजीराजांनी नाईकजी पांढऱ्यांमार्फत त्यांची सुटका करवली. आणि पुरंदरच्या तहानंतर, १६६५ च्या डिसेंबरात, मिर्झाराजा जयसिंगाच्या विजापूर मोहिमेत शिवाजीराजांनीच फलटण जिंकून घेतले. मेहुण्याचे गाव मेहुण्याने घेतले. नाते खरे होते, चाकरीही खरी होती. दोन्ही एकाच वेळी वागवण्याची ही रीत फलटणच्या घरात जुनी होती आणि पुढे करमाळ्यालाही तीच चालली.

वतनदारांच्या या दुहेरी वागण्याची शिवाजीराजांना पुरती जाणीव होती. म्हणून त्यांनी देशमुखांच्या गढ्या आणि बुरूज पाडले, हक्कांना मर्यादा घातली आणि सरदारांना शक्यतो रोख वेतन दिले. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रात वतनदारांना लोभ आणि धाक या दोन्हींमध्ये धरून ठेवावे, असा सल्ला आहे. पण सल्ला लिहिला जात होता तेव्हाच परिस्थिती हाताबाहेर गेलेली होती. औरंगजेबाशी चाललेल्या लढ्यात राजाराम महाराज जिंजीला अडकले, खजिना रिकामा होता. बादशहा मराठा सरदारांना मनसबी आणि वतने देऊन फोडत होता, त्याला तोंड द्यायचे तर छत्रपतींनाही वतने आणि सरंजाम देणे भाग होते. सनदा दोन्हीकडून निघू लागल्या. तलवार ज्याच्या हाती त्याला दोन्हीकडून मागणी होती. या वातावरणात वाढलेल्या पिढीचेच रंभाजी निंबाळकर.

इथे निंबाळकरांची दुसरी शाखा पुढे येते. राजाराम महाराजांनी मोगली मुलखात चौथ वसुलीसाठी सरदार नेमले, त्यांत वऱ्हाड परसोजी भोसल्यांकडे, बागलाण खंडेराव दाभाड्यांकडे आणि गंगथडी, म्हणजे गोदावरीचा काठ, हैबतराव निंबाळकरांकडे गेला. हैबतराव पुढे शाहू महाराजांचे सरलष्कर झाले. शाहू १७०७ मध्ये मोगलांच्या कैदेतून सुटून आले तेव्हा राज्यात दोन छत्रपतींचा, म्हणजे शाहूंची साताऱ्याची गादी आणि पुढची कोल्हापूरची गादी यांचा, वाद सुरू झाला, आणि सरदारांच्या घरांतही फाटाफूट झाली.

ठिणगी पडली ती १७११ च्या सुमारास. धनाजी जाधवांचे पुत्र सेनापती चंद्रसेन जाधव आणि वसुलाच्या कामावर नेमलेले बाळाजी विश्वनाथ यांच्यात वितुष्ट होते. शिकारीतल्या एका हरणावरून भांडण पेटले असे सांगतात. खरे कारण असे की सेनापतीच्या वसुलावर छत्रपतींचा कारकून नजर ठेवू लागला होता. बाळाजी जीव वाचवत पुरंदरकडे आणि पुढे पांडवगडावर पळाले. शाहूंनी त्यांचा पक्ष घेतला आणि चंद्रसेनावर हैबतराव निंबाळकरांना पाठवले. चंद्रसेन हरले, आधी कोल्हापूरच्या बाजूला गेले आणि शेवटी निजामुल्मुल्काकडे. त्यांच्याबरोबर सर्जेराव घाटगे आणि रंभाजी निंबाळकर हेही गेले. एक निंबाळकर छत्रपतींच्या हुकमावरून सेनापतीचा पाठलाग करत होता आणि दुसरा त्या सेनापतीच्या सोबतीला होता.

निजामुल्मुल्क १७१३ मध्ये दख्खनचा सुभेदार होऊन आला होता. त्याला मुलूख जाणणारी, घोड्यावर जगणारी माणसे हवी होती. चंद्रसेनांना त्याने भालकीकडची मोठी जहागीर दिली. रंभाजींना पुणे प्रांतात जहागीर आणि ‘राव रंभा’ हा किताब दिला. त्यामागे साधा हिशेब होता. पुणे प्रांत मराठ्यांच्या घराच्या दारातला. तिथे मोगल फौजदार टिकत नसे. निंबाळकर नावाचा मराठा सरदार तिथली वाट, पाणी, पाटील, देशमुख सगळे जाणून होता. निजामाच्या फौजेने हैबतरावांवर चाल केली तेव्हा हैबतराव भीमेकडे मागे हटले, बाळाजी विश्वनाथ त्यांना येऊन मिळाले आणि पुरंदरच्या परिसरात लढाई झाली. या साऱ्या गडबडीत राव रंभांचा अंमल पुण्याभोवती बसला.

निजामाची ही पहिली सुभेदारी १७१५ मध्ये संपली. बाळाजी विश्वनाथ आता पेशवे होते आणि पुणे परत मिळवणे त्यांना निकडीचे होते. राव रंभांच्या वतीने पुण्याचा कारभार बाजी कदम पाहत होते. बाळाजींनी त्यांच्याशी लढाई न करता बोलणे लावले. वरचा अंमल पेशव्यांकडे सोपवावा, राव रंभांच्या जहागिरीला धक्का लागणार नाही, असा करार झाला. निजामाचा सरदार असलेल्या माणसाची जहागीर पेशव्यांनी पुण्यात चालू ठेवली! लढाईत समोर उभ्या असलेल्या सरदाराचेही हक्क मान्य करायचे, कारण उद्या आपल्या सरदाराचे हक्क त्याच्या मुलखात मान्य व्हायला हवेत, हा तेव्हाचा सर्वमान्य व्यवहार होता. पुण्याच्या पुढच्या भरभराटीची पहिली पायरी अशी तडजोडीतून घडली, हे फारसे सांगितले जात नाही.

एकाच घराने दोन बाजूंना पाय ठेवण्याची ही तऱ्हा फक्त दख्खनची नाही. पंधराव्या शतकात इंग्लंडच्या गादीसाठी यॉर्क आणि लँकेस्टर ही दोन घराणी लढत होती, तेव्हा स्टॅनली घराण्यातले दोघे भाऊ असेच वागले. १४५९ मध्ये ब्लोर हीथच्या लढाईत धाकटा विल्यम यॉर्कच्या बाजूने उतरला आणि थोरला थॉमस आपली फौज घेऊन बाजूला उभा राहिला. १४८५ च्या बॉसवर्थच्या लढाईत या स्टॅनलींच्या फौजेने ऐन वेळी हेन्री ट्यूडरला हात दिला आणि थॉमस डर्बीचा अर्ल झाला. तिथे आणि इथे मोठा फरक मात्र वारशाचा. इंग्लंडात सरदाराची जमीन सामान्यतः थोरल्या मुलाकडे जाई. धाकट्यांनी धर्मपीठात, दरबारात किंवा युद्धात नशीब काढायचे. त्यामुळे मूळ जहागीर शतकानुशतके एकसंध राही. इथे वडीलपणाचा मान थोरल्याचा, पण हक्कात भाऊ वाटेकरी. घर वाढले की वाटे लहान होत, भाऊबंदकी पेटे, आणि धाकट्या पातीतला कर्ता पुरुष नव्या धन्याकडे जाऊन नवी जहागीर उभी करी. फलटणची देशमुखी एकच होती. निंबाळकर मात्र अनेक होते. करमाळा आणि खर्डा ही ठाणी उभी राहण्यामागे ही गरज आहे.

निजामुल्मुल्क १७२४ मध्ये साखरखेर्ड्याच्या लढाईत मुबारिजखानाला मारून दख्खनचा खरा धनी झाला. त्यानंतर त्याने शाहूंची चौथाई अडवली. चौथ आणि सरदेशमुखी कोणाला द्यायची, शाहूंना की कोल्हापूरच्या गादीवरच्या दुसऱ्या संभाजीराजांना, हे आधी ठरवा, असा पेच त्याने टाकला. १७२७ मध्ये त्याने संभाजीराजांना बरोबर घेऊन पुणे प्रांतावर चाल केली. चंद्रसेन जाधव आणि राव रंभा हे त्याच्याकडचे मुख्य मराठा सरदार होते. पेशवे बाजीरावांनी पुण्याकडे न वळता निजामाचाच मुलूख तुडवायला सुरुवात केली, त्याला तोफखान्यापासून तोडले आणि २८ फेब्रुवारी १७२८ रोजी वैजापूरजवळ पालखेडला पाण्यावाचून कोंडले. ६ मार्चला मुंगी-शेवगावचा तह झाला. हे मुंगी आजच्या अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या शेवगाव तालुक्यात, गोदावरीच्या काठी आहे. तहाने चौथाई शाहूंकडे परत आली. राव रंभांची निजामाकडची जागा मात्र तशीच राहिली.

करमाळ्याचे कमलाभवानीचे देऊळ याच १७२७ सालचे, राव रंभांनी बांधलेले मानतात. राव रंभा तुळजाभवानीचे भक्त होते आणि कमलाभवानी हे तिचेच रूप समजले जाते. गावाच्या पूर्वेला थोड्या उंचवट्यावर हे देऊळ आहे. चारी बाजूंनी ओवऱ्यांचा कोट, दक्षिणी वळणाची गोपुरे असलेल्या उंच वेशी, आत दीपमाळा. देऊळ दगडी, खांब घडीव, पण गोपुरांची ठेवण कर्नाटकाच्या दिशेकडून आलेली. निजामाच्या फौजेबरोबर दक्षिणेत हिंडलेल्या सरदाराच्या नजरेत ती भरली असावी. इथे शहाण्णव या आकड्याला मोठा मान आहे. खांब शहाण्णव, ओवऱ्या शहाण्णव, आणि देवळाजवळच्या दगडी विहिरीला पायऱ्या शहाण्णव, असे करमाळकर अभिमानाने सांगतात. ही विहीर नुसती पाहण्याची वस्तू नाही. या भागात उन्हाळ्यात पाणी किती खोल जाते, ते तिच्या पायऱ्या उतरताना पायांना कळते. पावसाच्या भरवशाची खात्री नसलेल्या मुलखात पाण्याची सोय करणारा सरदार लोकांच्या मनात घर करून राहतो, आणि राव रंभांचे नाव करमाळ्यात टिकले त्याला देवीइतकेच पाणीही कारण आहे.

करमाळ्याचा भुईकोट राव रंभांनी सुरू केला आणि त्यांचा मुलगा जानोजी याने पुरा केला. दख्खनच्या भुईकोटांत तो विस्ताराने फार मोठा समजला जाई. आत शंभराच्या आसपास घरे होती. कोटाच्या आश्रयाने पेठ वाढली, व्यापारी आले. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांची मामलेदार कचेरीही याच कोटात बसली. ‘राव रंभा’ हा किताब वंशपरंपरेने चालला. हैदराबादच्या दरबारात मराठा मनसबदारांत या नावाला वरचे आसन असे. मुलगे, नातू बदलले तरी कागदोपत्री धनी ‘राव रंभा जयवंत बहादूर’ म्हणूनच ओळखला जाई.

खर्ड्याची शाखा वेगळी. ती सरलष्कर हैबतरावांची. ज्या हैबतरावांनी चंद्रसेनांशी लढून शाहूंची बाजू राखली, त्यांचेच पुत्र सुलतानजी. वडिलांच्या मागे तेही शाहूंचे सरलष्कर होते, पण पेशव्यांचा पगडा वाढत गेला तशी जुन्या सरदारांची कुचंबणा होऊ लागली. १७२५-२६ च्या सुमारास सुलतानजींनी साताऱ्याची चाकरी सोडली आणि निजामाकडे गेले. शाहूंनी ते पद पुढे दवलजी सोमवंशी यांच्याकडे दिले, तरी निंबाळकरांच्या या घराला सरलष्कर हे बिरुद चिकटले ते कायमचे.

खर्ड्याचा किल्ला सुलतानजींनी १७४३ ते १७४५ च्या दरम्यान बांधला. गावाच्या आग्नेयेला सपाटीवर हा चौकोनी कोट आहे. घडीव चिऱ्यांच्या भिंती पंचवीस ते तीस फूट उंच, भोवती खंदक. भिंतीच्या आतल्या बाजूने सुमारे अठरा फूट रुंदीची सलग फांजी फिरवलेली, म्हणजे तोफ ओढत नेता येईल एवढी जागा. तिच्या कडेला माणसाच्या उंचीचा कठडा आणि त्यात बंदुकीसाठी जंग्या. आत मशीद आणि खोल विहीर. डोंगरी किल्ला निसर्गावर अवलंबून असतो. भुईकोटात सगळी मदार दगडावर आणि खंदकावर असते. म्हणून इथल्या गवंडीकामात कुठेही काटकसर केलेली नाही. दीडशे वर्षांनीही भिंती धडधाकट असल्याची नोंद इंग्रजी अमदानीत झाली. गावात निंबाळकरांचा मोठा वाडा होता. बालाघाटातून आणि मोगलाईतून, म्हणजे निजामाच्या मुलखातून, धान्य, देशी कापड इथे येई आणि पश्चिमेला पुण्या-मुंबईकडे जाई. जनावरांचा बाजार तर जिल्ह्यात अव्वल गणला जाई.

पेशवाई आणि निजामाचा मुलूख यांची सरहद्द या भागातून जात होती, पण आजच्या तालुक्यासारखी ती सलग रेघ नव्हती. एक गाव पेशव्यांचे, शेजारचे निजामाचे, तिसऱ्यात दुअमल. दुअमली गावात सारा एकाने घ्यायचा आणि चौथ-सरदेशमुखी दुसऱ्याने. १७१९ च्या बादशाही सनदांनी सहा सुभ्यांच्या वसुलाचा चौथा हिस्सा आणि वर दहावा हिस्सा सरदेशमुखीचा छत्रपतींना दिला होता, त्याचा रयतेच्या दारातला अर्थ हा. आष्टी, कडा ही मिरजगावच्या शेजारची गावे १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानातच होती. जामखेड तालुक्यातली गावेही मोगलाईच्या गावांत विखुरलेली होती. अशा मुलखात निंबाळकरांसारखा दोन्ही दरबारांत नातीगोती असलेला सरदार नुसता लढवय्या नसे. तह, ओलीस, थकबाकी, वाटमारी, गुरांची पळवापळवी या सर्वांत मध्यस्थ त्यालाच व्हावे लागे. शेतकऱ्याला मात्र त्याचे ओझे दुप्पट होई. दोन वसूलदारांच्या तोंडी लागणाऱ्या गावाला वाईट साली वाली नसे, आणि निंबाळकरांच्या देवळांचे कौतुक करताना ती बाजू विसरता येत नाही.

सुलतानजींचा कोट साऱ्या हिंदुस्थानात गाजला तो बांधून झाल्यावर पन्नास वर्षांनी. चौथाईच्या थकबाकीवरून पुणे आणि हैदराबाद यांचे बिनसले. निजाम अलीखान बेदरहून निघून मोहरी घाटाने खर्ड्याच्या बाजूला उतरू लागला. सवाई माधवराव पेशवे, नाना फडणवीस, दौलतराव शिंदे, तुकोजी होळकर, नागपूरकर दुसरे रघूजी भोसले असे मराठी राज्याचे सगळे आधार सीनेच्या खोऱ्यात एकत्र आले होते. सेनापती होते परशुरामभाऊ पटवर्धन. दोन्हीकडे लाखाच्या वर माणसे होती. ११ मार्च १७९५ रोजी लढाई झाली. पहिल्या चकमकीत पटवर्धनांचे विठ्ठलराव पडले, पण भोसल्यांचे बाण आणि शिंद्यांचा तोफखाना चालू होताच निजामाचे घोडदळ फुटले. त्याच्या रेमंड या फ्रेंच सरदाराचे पायदळ टिकून होते. त्यालाही माघारीचा हुकूम झाला. रात्री मराठ्यांची एक टोळी ओढ्यावर पाणी प्यायला गेली, तिथे गोळीबार झाला आणि निजामाच्या छावणीत एकच हलकल्लोळ उडाला. निजामाने निंबाळकरांच्या खर्ड्याच्या कोटात आश्रय घेतला.

डोंगरांच्या कोंडाळ्यातला हा कोट त्याला वाचवू शकला नाही. मराठ्यांनी चारी वाटा अडवल्या, रसद तुटली आणि निजामाला तह करावा लागला. दौलताबादचा किल्ला, परांड्यापासून तापीपर्यंतचा मुलूख, तीन कोटी रुपये आणि दिवाण मुशीरुल्मुल्क याला मराठ्यांच्या हवाली करणे, अशा त्याच्या अटी होत्या. सुलतानजींनी मजबूत तटबंदी केली होती, पण एवढ्या मोठ्या फौजेला पुरेल इतके धान्य आणि पाणी कुठल्याच भुईकोटात मावत नाही. विजयाचे फळही फार टिकले नाही. २७ ऑक्टोबर १७९५ ला सवाई माधवराव वारले, पुण्यात गादीचा घोळ सुरू झाला, मुशीरुल्मुल्क सुटला आणि तहातल्या बहुतेक अटी हवेत विरल्या.

पेशवाई १८१८ मध्ये बुडाली तेव्हा निंबाळकरांच्या शाखा तीन राजवटींत वाटल्या गेल्या होत्या. करमाळा आणि खर्डा इंग्रजांच्या जिल्ह्यांत आले. राव रंभा आणि सरलष्कर यांची उरलेली जहागीर हैदराबादच्या मुलखात राहिली. निपाणीचे सिधोजीराव निंबाळकर, आप्पा देसाई म्हणून ओळखले जाणारे, दुसऱ्या बाजीरावांकडून सरलष्कर हे पद मिळवून वावरत होते. ते १८३९ मध्ये वारले.

फलटणचे नाईक १८२० मध्ये इंग्रजांशी करार करून साताऱ्याच्या छत्रपतींचे जहागीरदार झाले. निपुत्रिक धन्यांच्या मागे साताऱ्याने जहागीर जप्त केली, आणि १८४१ मध्ये नजराणा भरल्यावर दत्तकाला मान्यता मिळाली. १८४८ मध्ये साताऱ्याची गादी खालसा झाल्यावर फलटण थेट इंग्रजांच्या देखरेखीखाली आले. ३९७ चौरस मैलांचे हे छोटे संस्थान वर्षाला ९,६०० रुपये खंडणी भरत असे. मुधोजीरावांनी १९१६ पर्यंत, आणि त्यांच्या मागे मालोजीरावांनी ते चालवले. ८ मार्च १९४८ रोजी फलटण मुंबई राज्यात विलीन झाले. मालोजीराव पुढे मुंबई राज्याचे मंत्री झाले.

त्याच वर्षी सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आले आणि ऑगस्ट १९४९ मध्ये तिथल्या जहागिरी कायद्याने रद्द झाल्या. मुंबई राज्यात परगणा व कुलकर्णी वतन निर्मूलन कायदा १ मे १९५१ पासून लागू झाला आणि देशमुख-देशपांड्यांची परगणा वतने त्या दिवशी संपली.